कर्नाकच्या भिंतीवरचं ‘यहुदाचं राज्य’ आणि हरवलेली गावं शोधण्याची रीत

प्रश्न थोडक्यात असा होता: इजिप्तच्या सहलीत कर्नाकच्या देवळाच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर हात मागे बांधलेल्या कैद्यांच्या रांगा पाहिल्या. प्रत्येक कैद्याच्या धडाच्या जागी एक लांबट गोल आणि त्यात चित्रलिपीतली अक्षरं. त्यातल्या एकाकडे बोट दाखवून गाइड म्हणाला, “हे यहुदाचं राज्य.” हे खरं का? आणि मुळात अशा तुटक्या अक्षरांवरून आजच्या नकाशावरचं गाव कसं शोधतात? लिपीत स्वर लिहीत नसत, म्हणजे उच्चारसुद्धा नक्की माहीत नसताना? सोबत त्या गोलाचा फोटोही पाठवला होता.

गाइडचं चुकलं. पण त्याला हसू नका, हीच चूक शांपोलियोंने केली होती. चित्रलिपीचं कुलूप उघडणारा तोच शांपोलियों. १८२८ मध्ये तो स्वतः या भिंतीपुढे उभा राहिला, गोलातली अक्षरं ‘युदहमलक’ अशी लावली आणि अर्थ केला ‘यहुदाचं राज्य’, म्हणजे जेरुसलेमभोवतीचं राज्य. भिंत पहिल्या शेशोंक राजाची आहे. बायबलात जेरुसलेमवर चालून येणारा ‘शिशक’ येतो तो हाच, काळ साधारण इ. स. पू. ९२५. त्यामुळे भिंतीवर यहुदा सापडला याचा सगळ्यांना आनंदच झाला. पुढे चूक लक्षात आली ती दोन कारणांनी, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या दोन कारणांतच आहे.

पहिलं कारण व्याकरणाचं. हिब्रूत ‘यहुदाचा राजा’ म्हणायचं तर ‘मेलेक यहुदा’, राजा आधी. इथे क्रम उलटा आहे. शिवाय ही अक्षरं ‘यद-ह-मलक’ अशी सुटी केली की सरळ अर्थ लागतो: राजाचा हात, म्हणजे राजाने उभारलेला स्मारकस्तंभ. तशा स्तंभावरून वस्तीला पडलेलं हे नाव. दुसरं कारण मला जास्त आवडतं. हा गोल यादीत एकोणतिसावा आहे आणि सत्ताविसाव्या गोलात स्वच्छ ‘मेगिद्दो’ लिहिलंय. मेगिद्दो उत्तरेला, यहुदाचा मुलूख दक्षिणेला. रांगेत शेजारी कोण बसलंय हे न पाहता एकट्या नावाचा अर्थ लावला की असं होतं. बरं, या यादीतल्या वाचता येणाऱ्या नावांत जेरुसलेमही नाही. तसं सांगणारा गाइड भेटला तर तेही सोडून द्या.

मी वीस-बावीस वर्षं इजिप्तचे लेख वाचतोय आणि नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. नाव वाचता येणं वेगळं आणि गाव सापडणं वेगळं. पहिल्यासाठी भाषा लागते. दुसऱ्यासाठी भाषा, शेजारी, अंतर आणि शेवटी कुदळ.

आधी वाचन. इजिप्शियन लिपीत बऱ्याच शब्दांच्या शेवटी एक मूक चिन्ह येतं. त्याचा उच्चार करायचा नसतो, आधीचा शब्द कोणत्या जातीचा आहे एवढंच ते सांगतं. याला आपण निर्धारक म्हणू. देशातल्या गावासाठी वर्तुळ आणि आत एकमेकांना छेदणारे रस्ते. परमुलखासाठी तीन डोंगरांची रांग. हे चिन्ह किती बोलतं ते मेरेनप्ताह राजाच्या शिळेवर बघावं. ही शिळा ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ पेट्रीला १८९६ मध्ये थीब्सच्या, म्हणजे आजच्या लक्सरच्या, पश्चिम तीरावर सापडली. तिच्यावर अश्कलोन, गेझेर, यानोआम ही नावं आहेत आणि प्रत्येकापुढे डोंगर, म्हणजे ही ठिकाणं. त्याच ओळीत ‘इस्राएल’ येतं आणि तिथे डोंगर नाहीत. तिथे बसलेला पुरुष, बसलेली बाई आणि अनेकवचनाच्या तीन रेघा. म्हणजे लेखनिकाच्या लेखी इस्राएल हे लोक होते, जागा नव्हती. या एवढ्याशा फरकावर अभ्यासकांनी शंभराहून जास्त वर्षं वाद घातलाय.

मेंफिस या प्राचीन राजधानीचं नाव तर निर्धारकासकट बदलताना दिसतं. ‘मेन-नेफर’ हे आधी पहिल्या पेपी राजाच्या पिरॅमिडचं नाव, म्हणून शेवटी पिरॅमिडचं चिन्ह. मग पिरॅमिडलगतच्या वस्तीला तेच नाव पडलं, वस्तीवरून शहराला, आणि शेवटच्या पिरॅमिडच्या जागी गावाचं वर्तुळ आलं. ग्रीकांनी त्याचं मेंफिस केलं. याच शहरातल्या देवळाचं नाव ‘हुत-का-प्ताह’, प्ताह देवाच्या आत्म्याचं घर. अमार्नाला सापडलेल्या, मातीच्या पाट्यांवरच्या पत्रांत ते ‘हिकुप्ताह’ असं येतं, ग्रीकांत ‘ऐगुप्तोस’ होतं. आपण ‘इजिप्त’ म्हणतो तेव्हा एका देवळाचं नाव घेत असतो.

या वर्तुळाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. एका जुन्या छापील नकलेवरून मी एक नाव लावलं होतं. शेवटी गावाचं वर्तुळ, म्हणून गाव धरलं आणि तीन आठवडे त्याच्या मागे घालवले. प्रत्यक्ष दगडापुढे गेलो, रात्री बाजूने तिरपा उजेड टाकला, तर वर्तुळात छेदणारे रस्ते नव्हतेच. आडव्या रेघा होत्या. आडव्या रेघांचं वर्तुळ म्हणजे ‘ख’ हे अक्षर, मधे ठिपका असेल तर सूर्य, छेदणारे रस्ते असतील तर गाव. दगड झिजला की तिन्ही नुसते गोल उरतात. नक्कल करणाऱ्याने त्याला वाटलं ते काढलं आणि मी त्याच्यावर इमला बांधला. तेव्हापासून नकलेवर विसंबून गाव ठरवत नाही. फोटो हवा, जमलं तर दोन बाजूंच्या उजेडातले दोन.

आता उच्चाराचं. लिपीत स्वर लिहीत नसत हे तुमचं म्हणणं बरोबर. पण इजिप्तमधली पुष्कळ गावं मेलीच नाहीत. माणसं तिथेच राहिली, भाषा बदलली, आणि नाव एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं. प्राचीन इजिप्शियनची शेवटची अवस्था कॉप्टिक. ती ग्रीक अक्षरांत लिहीत, म्हणजे स्वरांसकट. ही आमची मोठी किल्ली. लेखात व्यंजनं आहेत ‘स-व-न-त’ आणि पुढे गावाचं वर्तुळ. शेवटचा ‘त’ स्त्रीलिंगाचा, तो बोलण्यातून लवकर गळाला. कॉप्टिकात उरलं ‘स्वान’, ग्रीकांत ‘स्येने’, अरबीत ‘अस्वान’. तसंच कॉप्टिक ‘स्ने’चं इस्ना झालं, ‘त्बो’चं एदफू, ‘श्मिन’चं अखमीम, ‘स्योउत’चं अस्यूत.

एक गंमत दिसली का? सगळ्यांच्या पुढे अ, इ किंवा ए आलाय. अरबी जिभेला शब्दाच्या तोंडाशी दोन व्यंजनं जुळून आलेली चालत नाहीत, म्हणून ती आधी एक स्वर ठेवते. आपण स्टेशनचं ठेसन करताना ‘स’ टाकून देतो. उत्तरेकडचे लोक इस्टेशन म्हणून ‘इ’ जोडतात. अरबीने उत्तरेची वाट धरली. ही सवय कळली की आजच्या नावातला तो उपरा स्वर उचलून बाजूला ठेवायचा आणि मागे जायचं.

काही नावं जवळजवळ जशीच्या तशी टिकली. ‘दमी-न-होर’, होरसचं गाव, आजचं दमनहूर. ‘पा-यम’, म्हणजे समुद्र किंवा मोठं सरोवर, आजचं फयूम. ‘खमूनू’, आठांचं गाव, आजचं अशमूनैन. याउलट लक्सरच्या नावात प्राचीन काहीच नाही. ते अरबी ‘अल-उक्सुर’, वाडे. शहराचं जुनं नाव ‘वासेत’ आणि लोक नुसतं ‘नीउत’ म्हणत, म्हणजे ‘शहर’. बायबलात ते ‘नो’ होतं आणि असीरियाच्या लेखांत ‘नी’. मोठ्या शहराला नाव लागत नाही. आपल्या आजोळचे लोकही ‘गावात जाऊन येतो’ म्हणतात आणि कोणतं गाव ते सगळ्यांना कळतं.

आवाज जुळला म्हणून हुरळून जायचं नाही, कारण एकाच नावाची गावं अनेक. ‘पेर-उसीर’, ओसायरिसचं घर, यावरून आलेली अबूसीर नावाची ठिकाणं इजिप्तमध्ये बरीच आहेत. आपल्या पिंपळगावांसारखंच. आपण पिंपळगाव बसवंत म्हणून वेगळं करतो, तसे तेही कधीकधी करत: कैरोजवळचं ‘इउनू’ वेगळं आणि ‘दक्षिणेचं इउनू’ वेगळं, ते वरच्या इजिप्तमध्ये. लेखातला ‘दक्षिणेचं’ हा शब्द खपली उडून गेला असेल तर वाचणारा पाच-सहाशे किलोमीटर चुकतो.

म्हणून शेजारी. महाराष्ट्रातले ताम्रपट वाचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दान दिलेल्या गावाचे चार आघाट दिलेले असतात, पूर्वेला अमुक, दक्षिणेला तमुक, आणि त्यांतली दोन गावं आजही नांदत असली की तिसरं आपोआप सापडतं. इजिप्तमध्ये हे काम याद्या करतात. आमेनेमोपे नावाच्या लेखनिकाची शब्दांची यादी आहे, साधारण इ. स. पू. ११०० ची. त्यात गावं दक्षिणेकडून उत्तरेकडे, नदीच्या क्रमाने लावली आहेत. अस्वानकडून निघालेल्या नावाड्याला काठावर जी गावं लागतील ती त्याच क्रमाने. दोन ओळखीच्या गावांमध्ये अनोळखी नाव आलं तर शोधायचा पट्टा तेवढाच उरतो. कर्नाकमधल्या पहिल्या सेनुस्रेतच्या पांढऱ्या मंडपावर तर मापंच कोरली आहेत. देशाची लांबी १०६ इतेरू, त्यातले ८६ अस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटापासून आजच्या कैरोच्या परिसरापर्यंत आणि २० तिथून पुढे त्रिभुज प्रदेशात. इतेरू म्हणजे साधारण साडेदहा किलोमीटर. ८६ ला साडेदहाने गुणा, ९०० येतात. नदीच्या वळणांसकट आजही अंतर त्याच घरात आहे.

परमुलखाच्या याद्यांवर मात्र माझा विश्वास बेताचाच. तिसऱ्या थुतमोसच्या कर्नाकवरच्या यादीत ११९ नावं आहेत आणि ती पुष्कळशी खऱ्या वाटांच्या क्रमाने आहेत. पण नंतरच्या राजांनी जुन्या याद्या उचलून स्वतःच्या नावावर खपवल्या, तिसऱ्या रामसेसने तर सढळ हाताने. कैद्यांची रांग भिंतीवर आहे म्हणजे राजा तिथवर गेला होता असं नाही. शिवाय परभाषेतली नावं लिहायला वेगळी, अक्षरजोड्यांची पद्धत वापरत, आणि ‘ल’ला धड चिन्ह नसल्यामुळे तिथे ‘र’ येतो. अश्कलोन वाचताना ‘र’ दिसला तर दचकायचं नाही.

आता ज्या प्रकरणात हे सगळं पणाला लागलं ते सांगतो. दुसऱ्या रामसेसची राजधानी, ‘पी-रामसेस’. लेखांत तिचं कौतुक ओसंडून वाहतं, बायबलात ती येते, आणि जमिनीवर कुठे दिसत नव्हती. सर ॲलन गार्डिनर म्हणजे आमच्या शास्त्रातलं शेवटचं न्यायालय. १९१८ मध्ये त्यांनी निकाल दिला की ती त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व टोकाच्या पेलुसियमला होती. १९३३ मध्ये त्यांनी जाहीरपणे शब्द मागे घेतला आणि म्हणाले, टॅनिस. टॅनिस म्हणजे आजचं सान-अल-हजर, ‘दगडांचं सान’. ‘जानेत’ या जुन्या नावातलं ‘सान’ आजही उरलंय.

टॅनिस म्हणायला कारणही तसंच होतं. तिथे १९२९ पासून पिएर मोंते खणत होते. नजर जाईल तिथे रामसेसचे ओबेलिस्क, रामसेसचे पुतळे, रामसेसचं नाव कोरलेले ठोकळे. इतके लेख ज्या गावात, ते रामसेसचं गाव नाही तर कोणाचं? मोंतेंनी टॅनिस, पी-रामसेस आणि हिक्सोस या परदेशी राजांची राजधानी अव्हारिस, तिन्ही एकच ठरवून टाकली. १९३९ मध्ये त्यांना तिथे एकविसाव्या-बाविसाव्या घराण्याच्या राजकबरी सापडल्या, सोन्याचांदीने भरलेल्या. मग कोण त्यांना प्रश्न विचारणार?

विचारणारे होते. तिथून वीसेक किलोमीटर दक्षिणेला कंतीर हे साधं शेतीचं गाव. १९२८ मध्ये महमूद हमझा यांना तिथे राजवाड्याच्या चकचकीत रंगीत फरशा आणि त्या पाडायचे साचे मिळाले, आणि पी-रामसेस इथेच असं त्यांनी लिहिलं. पुढे लबीब हबाशी यांनी तिथल्या अधिकाऱ्यांच्या दाराच्या चौकटींवरचे लेख लावून तीच बाजू धरली. दोघेही इजिप्शियन. त्यांचं म्हणणं मान्य व्हायला दशकं लागली आणि त्याचं कारण पुराव्याचा अभाव एवढंच होतं असं मला वाटत नाही.

पुरावा असा होता. टॅनिसला रामसेसचे दगड आहेत, पण रामसेसच्या काळचा वस्तीचा थर नाही. घरं नाहीत, चुली नाहीत, खापरं नाहीत. ठोकळे उलटेसुलटे बसवलेले, काही फोडून पुन्हा वापरलेले. म्हणजे दगड दुसरीकडून आले. कंतीरला वर फारसा दगड नाही आणि खाली सगळं आहे. त्यात आमेनेमोपेच्या यादीत पी-रामसेस आणि जानेत ही दोन नावं वेगवेगळी लिहिली आहेत. एकाच गावाची असती तर दोनदा कशाला? आणि एका पपायरसात या राजधानीचे चक्क चार आघाट दिलेत: पश्चिमेला आमुनचं घर, दक्षिणेला सेथचं, पूर्वेला अस्तार्ते देवी, उत्तरेला वाजेत देवी. कंतीरच्या दक्षिणेला, दोनेक किलोमीटरवर, तेल-अद-दाबा आहे. तिथे १९६६ पासून मानफ्रेड बिएटाक यांनी खणलं, अव्हारिस तिथे निघालं, आणि अव्हारिसचा देव होता सेथ. दक्षिणेचा आघाट जागेवर बसला.

मग दगड टॅनिसला का गेले? नदीमुळे. नाईलचा पेलुसियन फाटा या राजधानीला पाणी आणि बंदर देत होता. तो गाळाने भरत गेला, गलबतं येईनाशी झाली. नंतरच्या राजांनी दुसऱ्या फाट्यावर टॅनिस वसवलं आणि बांधायला तयार दगड हवे म्हणून ओस पडलेलं शहर उचलून नेलं. बिएटाक यांनी जुन्या फाट्याचं पात्र जमिनीच्या उंचसखलपणावरून काढून दाखवलं तेव्हा कोडं मिटलं. कंतीरला पुढे एडगर पुश यांच्या तुकडीने १९८० पासून काम केलं. शेकडो घोड्यांच्या पागा निघाल्या. शेताखालचे रस्ते आणि वाडे चुंबकीय मोजणीत उमटले. लेखात वाचलेलं शहर असं कोबीच्या वाफ्याखाली होतं. म्हणून लेख सापडला की माझा पहिला प्रश्न असतो, हा दगड इथलाच का? चौकटीला लागून आहे का, पायाशी जोडलेला आहे का, की कुठून ओढून आणलाय? दाराची उभी चौकट शंभर पुतळ्यांपेक्षा जास्त विश्वासाची. पुतळे फिरतात.

आपल्या किनाऱ्याशी जोडलेलं एक उदाहरण देऊन थांबतो. हे ग्रीक-रोमन काळातलं, पण रीत तीच. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रातून भारतापर्यंतच्या वाटेची माहिती लिहून ठेवली. सोपारा, कल्याण, चौल ही नावं तिच्यात येतात. आपल्याला त्यांची ओळख पटते, कारण कान्हेरीच्या लेखांत कलियण, सोपारक, चेमुल ही नावं कोरलेली आहेत. पण ही वाट जिथून निघते ते इजिप्तमधलं बंदर, मिओस होर्मोस, नेमकं कुठलं? बराच काळ हुरघदाच्या उत्तरेचं अबू शआर धरलं जायचं. उत्खननात तो नंतरच्या रोमन काळातला किल्ला निघाला. मग दक्षिणेला कुसैर-अल-कदीमला त्याच काळचे लिहिलेले पपायरस आणि खापरं मिळाली, त्यांवर मिओस होर्मोसचं नाव होतं, आणि तमिळ-ब्राह्मीत नावं कोरलेली खापरंही. गंमत अशी की त्या व्यापाऱ्याने अंतर आधीच देऊन ठेवलं होतं: मिओस होर्मोसपासून दक्षिणेचं बेरेनिके बंदर १८०० स्टेडिया. एक स्टेडियम १६० ते १८५ मीटर धरलं तरी २९० ते ३३० किलोमीटर होतात. कुसैरपासून बेरेनिके सरळ रेषेत २८० च्या आसपास. अबू शआरपासून ४०० च्या वर. कुदळ लागायच्या आधी पट्टीनेसुद्धा शंका घेता आली असती.

तुमच्या फोटोबद्दल. गोलाची कडा दातेरी आहे, ती तटबंदीच्या बुरुजांची खूण, म्हणजे शहराचा नकाशाच समजा. वरची अक्षरं ‘युदह...’ अशी लागतायत, खालचा भाग सावलीत गेलाय. डावी-उजवीकडचे दोन-दोन गोल ज्यात आलेत असा फोटो असेल तर पाठवा. मधे एक घर सोडून मेगिद्दो दिसलं, तर गाइडने दाखवला तो शांपोलियोंचाच गोल.